अष्टमीचा भांग

‘डॉ. मंदाकिनी तारी यांच्या निधनाने एका युगाचा अंत झाला आहे.’

हे वाक्य माझं नाही. मालवणात आमच्या शाळेच्या सभागृहावर शोकसभेचा जो फलक लागला होता, त्यावरचं आहे. फलक मोठा होता, अक्षरं सोनेरी होती, आणि मंदाच्या एका फोटोभोवती निमंत्रकांचे सात फोटो होते. मी आयुष्यभर शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवलं. त्यामुळे युग हा शब्द दिसला की किती वर्षांचं, असा प्रश्न आपोआप पडतो. मंदाचा इथला अभ्यासक्रम चालला वर्षातले चौदा दिवस, अशी आठ वर्षं. म्हणजे युग भरलं एकशे बारा दिवसांचं. आमच्या शाळेच्या तीन उन्हाळी सुट्ट्या याहून लांब होतात. मंदा तिथे असती तर माझ्या कानाशी लागून म्हणाली असती, “सायमन, माझ्या शोकसभेत तरी गणितां करू नको रे.”

बातमी आली ती शिल्पाच्या फोनवरून. सकाळची वेळ होती, मी अंगणात पडलेली माडाची झापं ओढून एका बाजूला करत होतो. शिल्पा मंदाची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः मोठ्या हुद्द्यावरची. शेवटचे काही दिवस ती मंदाच्या घरीच येऊन राहिली होती. “मास्तर, मॅडम गेल्या...” एवढं बोलून ती थांबली. अशा वेळी माणूस काहीतरी निरर्थक विचारतो, तसं मी विचारलं, “कधी?” ती म्हणाली, “सुकती लागली तेव्हा.” सुकती म्हणजे ओहोटी. शिल्पा अमरावतीची. तेविसाव्या वर्षापर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. त्या बाईने मला मृत्यूची वेळ घड्याळात न सांगता पाण्यात सांगितली. मंदाने आयुष्यात काय केलं, ते याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही. पण संपादकांनी अर्धं पान राखून ठेवलं आहे, तेव्हा सविस्तर सांगतो.

मंदा आणि मी एका वर्गात होतो. तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. मंदा शिकत शिकत मुंबईला गेली आणि चिकित्सक मेंदू-मानसशास्त्रज्ञ झाली. हा शब्द उच्चारताना तिच्या आईचा श्वास पुरत नसे, म्हणून तिने आपली सोय केली होती. गिऱ्हाइकांना ती सांगायची, “माझां चेडू डोक्याची डॉक्टर. सुई नाय, औषध नाय. नुसते प्रश्न इचारता.” व्याख्या म्हणून ही बरोबरच आहे. डोक्याला मार लागला, झटका आला, वय झालं, तर माणसाची स्मरणशक्ती, भाषा, हिशोब, भान यांतलं काय शाबूत आहे आणि काय गेलं, ते प्रश्न विचारून, चित्रं दाखवून मोजायचं, हे त्या लोकांचं काम. मुंबईच्या एका शिक्षणसंस्थेत मंदा हे काम करायची आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवायचीही. १९९८ सालापासून ती महिन्यातून एकदा मालवणात तपासणीसाठी येऊ लागली. सोबत एखादा विद्यार्थी असे. दिवसाला चाळीस माणसं यायची.

त्यांतल्या एका माणसाचं नाव भिकाजी तांडेल. आम्ही सगळे त्यांना भिकूकाका म्हणायचो. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हातात, आणि जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, हा शब्दही त्याचाच. भिकूकाकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात दोन महिन्यांत सुधारला, पण मुलांच्या मनात शंका राहिली. बाप पुन्हा होडीवर न्यावा की नाही? म्हणून त्यांनी काकांना धुतलेला शर्ट घालून डोक्याच्या डॉक्टरणीकडे आणलं. त्या दिवशी प्रश्न विचारायला शिल्पा बसली होती. शिकाऊ होती, मेहनती होती आणि पेशंटशी सोपं बोलावं असं तिला बजावलेलं होतं. संध्याकाळी मंदाने चाळीस कागदांवर सह्या केल्या.

तो कागद इंग्रजीत होता, म्हणून काकांचा थोरला मुलगा सुभाष तो माझ्याकडे घेऊन आला. “मास्तरानू, ह्यां काय लिवलांहा ता सांगा.” मी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. रुग्णाला दिवसाचं भान नाही. तारीख विचारली असता असंबद्ध उत्तर. एका मिनिटात जितकी जनावरं आठवतील तितकी सांगा म्हटल्यावर फक्त तीन सांगितली आणि पुढे बोलण्यास नकार दिला. शंभरातून सात-सात वजा करता आले नाहीत. भांगेचा उल्लेख केला, व्यसनाची चौकशी व्हावी. निष्कर्ष: विस्मृतीची सुरुवात, होडीवर जबाबदारीचं काम देऊ नये. मी हे सगळं चांगल्या, शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. निष्कर्ष तर दोनदा सांगितला. फलकावरच्या शब्दांवर मी कधी विश्वास ठेवला नाही, पण हा टंकलेला कागद होता आणि खाली मंदाची सही होती. दुसऱ्या दिवसापासून सुकाणू सुभाषकडे गेलं. काका किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत जाळी दुरुस्त करत बसू लागले.

मला आश्चर्य वाटलं ते फक्त भांगेचं. काकांना मी जन्मापासून ओळखत होतो, ते साधं पानसुद्धा खात नसत. काही महिने गेल्यावर एकदा त्यांच्याजवळ बसलो असताना मी विचारलंच. “काका, तुमी भांग कधीपासून घेतास?”

काकांनी जाळ्यातून मान वर केली. “घेतंय? भांग घेतत नाय रे, भांग येता. दर अष्टमीक.”

वाचकांत घाटावरची मंडळी असतील, त्यांच्यासाठी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला जोर असतो, त्याला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद असतं, ना धड चढत ना धड उतरत. त्याला भांग म्हणतात. मासेमाराचा दिवस तारखेने उगवत नाही, तिथीने उगवतो, कारण पाणी तिथीप्रमाणे चालतं. शिल्पाने विचारलं होतं, “आज काय आहे?” काकांनी उत्तर दिलं, “अष्टमी. भांग.” तिच्या प्रश्नाला याहून बरोबर उत्तर त्या खोलीतल्या कोणाजवळ नव्हतं.

मला हसू आवरेना. ही गंमत मी जपून ठेवली आणि मंदा गणपतीला घरी आली तेव्हा चहा पिता पिता तिला सांगितली. मला वाटलं ती लोळून हसेल. तिने कप खाली ठेवला. “आणि जनावरं?” तिने विचारलं. “शिल्पाने शब्द कोणता वापरला? प्राणी की जनावरं?”

“जनावरं,” मी म्हटलं. “कागदात तसंच होतं...” आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो येतो. सापाला जनावर म्हणतात. प्राणी हा शब्द पुस्तकी, म्हणून शिल्पाने सोपा करून जनावर म्हटलं होतं. म्हणजे एका परक्या मुलीने सकाळच्या वेळी, बंद खोलीत, काकांना सांगितलं होतं की आठवतील तेवढ्या सापांची नावं घ्या. काकांनी बाईमाणसाचा मान राखून फुरसं, घोणस, दिवड अशी तीन घेतली आणि मग तोंड मिटलं. त्यांचं डोकं ठिकाणावर असल्याचा तो पुरावा होता.

“शिल्पाक म्हायत नव्हतां,” मंदा म्हणाली. “माका म्हायत होतां. मी मासेविकणारणीचां चेडू. आणि सही माझी.” चहा तसाच ठेवून ती उठली.

काका सुरूखाली होते. मंदा साडी सावरत वाळूत बसली. काकांनी तिला ओळखलं आणि डोळे मिचकावले. “काय गो डॉक्टरणी, आज पास करतलंस माका?”

“बघूया,” ती म्हणाली. “काका, आज भरती कितक्याक?”

काकांनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. हे पाऊणकीचं गणित मी शाळेत सातवीच्या मुलांना पंधरा दिवस शिकवायचो आणि निम्मी मुलं तरीही चुकायची. काकांनी दोन्ही वेळा सांगितल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि वर म्हणाले, “तुझ्या घड्याळात बघ, माझ्या तोंडाकडे बघू नको.” मग मंदाने एका मिनिटात माशांची नावं सांगायला सांगितलं. बांगडो, पेडवो, तारली, मोरी, सरंगो, विस्वण, कर्ली, लेपो, तांबोशी, गोब्रो... मिनिट संपलं तरी काका थांबेनात. मंदाने घड्याळ कधीच बाजूला ठेवलं होतं. ती लिहीतही नव्हती. शेवटी काकाच म्हणाले, “पुरे झाले मां? की वेंगुर्ल्याकडचे पण सांगू?”

मंदाने त्याच आठवड्यात दुसरा अहवाल लिहिला. पहिला चुकीचा होता असं त्यात स्पष्ट म्हटलं आणि मराठीतही लिहिलं. तो घेऊन ती स्वतः सुभाषकडे गेली. मीही सोबत होतो, कारण पहिला कागद मी वाचला होता. सुभाष वाईट माणूस नव्हता. त्याने कागद दोनदा वाचला. “ताई, पयलो कागद खरो की दुसरो?” त्याने विचारलं. “दोनांवर सही तुमचीच आसा.” मंदाकडे उत्तर होतं, पण ते सुभाषसाठी पुरेसं नव्हतं. खलाशी आता त्याचा शब्द मानायला शिकले होते, आणि होडीवर दोन तांडेल चालत नाहीत. काकांनी पुढे दोन हंगाम होडीवर पाऊल ठेवलं, ते पुढच्या बाजूला बसायला. सुकाणू त्यांच्या हातात परत कधीही आलं नाही. परत येताना बंदराच्या वळणावर मंदा म्हणाली, “माणसाचो गेलेलो जागो कागदान परत येणा नाय रे, सायमन...”

मुंबईला जाऊन तिने विभागात प्रस्ताव मांडला की पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वर्षातले पंधरा दिवस जिथे पेशंट राहतो तिथे राहावं, त्याचे शब्द, त्याचा दिवस, त्याची गणितं शिकावीत, मगच त्याला प्रश्न विचारावेत. यावर समित्या बसल्या. तिने मला त्या बैठकांच्या हकिगती पत्रांतून कळवल्या आहेत, पण मयताच्या लेखात त्या नकोत. एवढंच सांगतो की अभ्यासक्रमाचं नाव ठरायला सात महिने लागले आणि शेवटी जे ठरलं ते एका दमात वाचणं अवघड होतं. एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं की सांस्कृतिक जाणिवेसाठी एक तासाचं व्याख्यान पुरे, चार-सहा चित्रं दाखवावीत. मंदाने त्यांना विचारलं, “सर, एका मिनिटात आठवतील तितकी जनावरं सांगता?” त्यांनी वाघ, सिंहापासून सुरुवात करून एकवीस सांगितली. मंदा म्हणाली, “एकही बरोबर नाही.” मग तिने भिकूकाकांची गोष्ट सांगितली. चौदा दिवस मंजूर झाले. पंधरावा का कापला, ते तिलाही कधी कळलं नाही.

पहिली तुकडी आली तेव्हा मंदाने मला भाषा शिकवायला बोलावलं आणि परीक्षक म्हणून बोलावलं भिकूकाकांना. सुरूखाली घोंगडी टाकली होती. मुंबई-पुण्याची सहा हुशार मुलं वह्या घेऊन बसली होती. काकांनी टोपलीतून एकेक मासा वर धरायला सुरुवात केली. “ह्यो कोण?” मुलं म्हणायची, “मासा.” काका मंदाकडे बघून मान हलवायचे. “आज काय?” “मंगळवार, सर.” “मंगळवार माका म्हायत आसा. पाण्याचां सांग.” मुलं वह्या चाळू लागायची. सगळी नापास झाली. त्यांतला सोनेरी चष्म्याचा, बोलायला सर्वांत चुणचुणीत असा जो होता, त्याच्याकडे काकांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि निकाल दिला, “ह्येका होडयेर घेव नका.” सगळे हसले. मंदाही हसली, मग तिने पदराने डोळे पुसले. वाऱ्याने वाळू उडत होती, तेव्हा नक्की काही सांगता येत नाही.

त्यानंतर दर वर्षी पहिला दिवस काकांचा असायचा. मुलं आधी नापास व्हायची आणि मग शिकायची. बाजारात मासे विकणाऱ्या बायकांच्या शेजारी बसायची, आरोंद्याला खाडीकाठच्या घरांत जायची, आमच्या कपेलाबाहेर, म्हणजे छोट्या चर्चबाहेर, रविवारी म्हाताऱ्यांशी बोलायची. कचेरीत गेल्यावर आमची माणसं आपली भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतात आणि पुस्तकी मराठीत जपून, थोडंसंच बोलतात. त्या जपून बोलण्याला आजार समजू नका, हे मंदा त्यांना पुन्हा पुन्हा सांगायची. शिल्पा पहिल्या वर्षापासून शिकवायला यायची. आपली चूक ती स्वतःच प्रत्येक तुकडीला सांगे. भांगेपाशी आली की मुलं हसायची. ती हसणं संपेपर्यंत थांबायची आणि मग सुकाणूचं सांगायची.

मात्र मंदा भाबडी नव्हती. एका वर्षी एक म्हातारी आली. विद्यार्थ्याने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ती नुसती हसली. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तो मुलगा नुकताच शिकला होता. त्याने अभिमानाने लिहिलं, ‘रूढीमुळे उत्तर नाही, गुण कापू नयेत.’ मंदाने कागद वाचला आणि म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली. “आये, नाव नको घेव. बोट दाखव. खंय आसा तुजो घो?” नवरा समोरच्या बाकावर छत्री घेऊन बसला होता. म्हातारीने खोलीभर पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं... नवऱ्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्या दिवशी मंदाने मुलांना जे सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे. “चूक नसताना चूक धरली, तर माणसाची जागा जाते. चूक असताना रीत म्हणून सोडून दिली, तर औषधाची वेळ जाते. दोन्हीकडे सही आपलीच असते.”

भिकूकाका गेले तेव्हा मंदा मुंबईहून आली आणि सुभाषच्या शेजारी उभी राहिली. पुढच्या तुकडीला पहिल्या दिवशी टोपली घेऊन सुभाषच बसला. बापापेक्षा तो कडक निघाला.

मंदाच्या बाबतीत पहिली शंका तिला स्वतःलाच आली. २००९ साली एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, “सायमन, शब्द सापडनत नाय. मासो हातातून सुटता तसो सुटता.” तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ होती, ती काढण्यासारख्या जागी नव्हती. ती मालवणच्या घरी येऊन राहिली आणि तिने शिल्पाला कळवलं की दर महिन्याला येऊन माझी तपासणी करायची, पूर्ण करायची आणि सवलत द्यायची नाही.

शेवटच्या तपासणीला मी खोलीत होतो. मंदा खिडकीपाशी, उशीला टेकून. शिल्पाने खुर्ची जवळ ओढली आणि आता तिला छान येणाऱ्या मालवणीत विचारलं, “मॅडम, आज काय आसा?”

मंदाचा चेहरा उजळला. किती दिवसांत तिला इतकी खात्री वाटलेली मी पाहिली नव्हती. “आज अष्टमी,” ती म्हणाली. “भांग.”

शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, तिथे पंचांगाचं कॅलेंडर होतं. पण शिल्पाने कॅलेंडर पाहिलंच नाही. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. पाणी माडांच्या बुंध्यांपर्यंत चढलं होतं आणि कुंपणाच्या दगडांवर आपटत होतं. पौर्णिमेचं उधाण होतं. बारा वर्षांपूर्वी याच उत्तराला तिने चूक दिली होती तेव्हा ते बरोबर होतं. तिची लेखणी बराच वेळ कागदावर नुसती टेकलेली होती. मग तिने लिहिलं.

“कितके दिलंस?” मंदाने विचारलं. परीक्षकाची सवय गेली नव्हती.

“शून्य, मॅडम.”

मंदाने तिचा हात हातात घेऊन थोपटला. “बरां केलंस,” ती म्हणाली, आणि समुद्राकडे पाहत राहिली. तिला नक्की काय कळलं होतं, ते मला माहीत नाही. शिल्पालाही नाही.

मंदाची खोली तिच्या भावाने आहे तशी ठेवली आहे. टेबलावर काच आहे आणि काचेखाली भिकूकाकांचा पहिला अहवाल, मंदाच्या सहीसकट. तो तिने जवळजवळ बारा वर्षं, आधी मुंबईतही, डोळ्यांसमोर ठेवला होता. परवा गेलो तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा कागद दिसला. मंदाची ती शेवटची तपासणी. शिल्पाने जाताना ठेवली असावी. अक्षर नीटनेटकं आहे, कुठे खाडाखोड नाही, गुण कुठेही वाढवलेले नाहीत, आणि सही स्पष्ट आहे. खाली शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ आहे: ‘भांग हा भरतीचा प्रकार आहे. रुग्णाला कसलंही व्यसन नाही.’